डेव्हलपरच्या टेबलावर जे आहे, त्यावर चाललं पाहिजे: भोसरीतल्या एका गेटवे प्लॅटफॉर्मचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतली नऊ जणांची एक कंपनी घ्या. कारखान्यातल्या यंत्रांकडून आकडे गोळा करणारा गेटवे ती बनवते. चार कोअरचा कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसर, १ जीबी रॅम, २४ व्होल्टवर चालणारा, यंत्रांशी तारेवरून बोलणारे दोन आरएस-४८५ पोर्ट, आत लिनक्स. आता या गेटवेवर बाहेरच्या लोकांनी ॲप लिहावीत अशी तिची इच्छा आहे. प्लॅटफॉर्म तयार आहे: पायथन आणि सी या भाषांसाठी एपीआय (ॲपने गेटवेशी बोलायची ठरलेली पद्धत), ॲप बांधून गेटवेवर चढवणारं साधन, वाचण्याजोगी माहितीपत्रकं. लिहिणारे मात्र येत नाहीत.

ही कंपनी अभ्यासासाठी नमुन्यादाखल उभी केली आहे, तिचे रुपयांचे आकडेही तसेच. चिप, ड्रायव्हर, व्होल्टेज आणि त्यांच्या खोडी मात्र खऱ्या आहेत. कोणीही टेबलावर मांडून त्या तपासू शकेल.

ज्यांनी यायला हवं ते कोण, हे आधी नीट पाहावं लागतं. चाकण, तळवडे, भोसरी या पट्ट्यात दोन-तीन माणसांची ऑटोमेशनची दुकानं आहेत. ही मंडळी पॅनेल बांधतात, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचा) लॅडर प्रोग्रॅम लिहितात, एचएमआयचे (यंत्रावरच्या स्क्रीनचे) पडदे काढून देतात. गिऱ्हाईक हल्ली विचारतं की कोणतं मशीन किती वीज खातं, सीएनसी दिवसात किती वेळ नुसतं उभं होतं. अशी ॲप तेच लिहू शकतात, कारण मीटरच्या कोणत्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या खान्यात) काय असतं हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसरा गट इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा. दोघांकडेही वेळ कमी आणि पैसा त्याहून कमी. साइटवरून रात्री नऊला घरी आलेला माणूस नवा प्लॅटफॉर्म बघायला एक तास देतो. त्या तासात खऱ्या मीटरवरून एक आकडा पडद्यावर आला तर तो दुसऱ्या दिवशी परत येतो. नाही आला तर तो लॅपटॉप मिटतो आणि तक्रारही करत नाही.

तीस किटचा प्रस्ताव

विक्री विभागाचा प्रस्ताव सरळ होता. हाताशी सहा लाख रुपये आहेत, एका किटचा (गेटवे आणि जोडणीचं सामान) खर्च वीस हजार, तेव्हा तीस जणांना फुकट किट द्यावेत. हातात वस्तू आली की माणूस काम सुरू करतो, असा त्यामागचा विचार.

असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेले आहेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्लॅकबेरीवाल्यांनी आपलं अँड्रॉइड ॲप प्लेबुकसाठी देणाऱ्या डेव्हलपरना प्लेबुक टॅबलेट फुकट दिले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्लॅकबेरी १० साठीचे डेव्ह अल्फा फोन डेव्हलपरांच्या हातात ठेवले. २०१३ मध्ये फायरफॉक्स ओएससाठी गीक्सफोनचे कीऑन आणि पीक हे फोन निघाले आणि मोझिलानेही डेव्हलपरना फोन दिले. ॲपची संख्या त्याने वाढते, यात शंका नाही. ते प्लॅटफॉर्म पुढे थांबले त्याला बाजाराची मोठी कारणं होती, फुकट फोनांवर त्याचं खापर फोडणं बरोबर नाही. पण एक गोष्ट त्यातून दिसते: भेट म्हणून दिलेलं यंत्र पहिलं ॲप आणतं, दुसरं आणेलच असं नाही.

याच्या उलट टोकाला आर्डुइनो हा छोट्या बोर्डांचा प्लॅटफॉर्म आहे. २०१५ मध्ये आर्डुइनो आयडीईच्या (कोड लिहायच्या प्रोग्रॅमच्या) १.६.४ आवृत्तीत दुसऱ्यांचे बोर्ड एका पत्त्यावरून जोडून घेण्याची सोय आली. ईएसपी८२६६ चिपचा, कोणा दुसऱ्याचाच, स्वस्त बोर्ड त्या सोयीतून आयडीईत आला आणि तो वापरणारे लोक आर्डुइनोच्या पद्धतीने कोड लिहू लागले. कोणाला काही फुकट वाटलं नाही. जे हातात होतं ते चालवून दिलं, इतकंच.

आमचं मत या प्रकरणात स्पष्ट आहे. तीस किट वाटले असते तर त्यातले बरेचसे डब्यातच राहिले असते, कारण अडथळा गेटवे नसण्याचा नव्हता. तो त्याच्या अलीकडे, लॅपटॉप आणि यूएसबी केबल यांच्यामध्ये होता.

आधी यादी मागवायची

लोकांना "तुम्हाला काय हवं" असं विचारलं तर ते नवा बोर्ड मागतात. म्हणून प्रश्न असा ठेवला की तुमच्याकडे काय आहे. एक छोटी स्क्रिप्ट दिली. ती फक्त वाचते: विंडोजची किंवा लिनक्सची आवृत्ती, रॅम, डिस्कवरची मोकळी जागा, व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत दुसरं चालवण्याची सोय) चालू की बंद, आणि जोडलेल्या यूएसबी उपकरणांचे निर्माता व उत्पादन क्रमांक. मशीनचं नाव, अनुक्रमांक, वापरकर्त्याचं नाव ती उचलत नाही. निघालेली फाइल साध्या मजकुराची असते, माणूस ती उघडून वाचतो आणि पटलं तरच पाठवतो. हा शेवटचा टप्पा गाळू नये. कारखान्यांची कामं करणारी माणसं आपल्या लॅपटॉपबद्दल सावध असतात आणि ते योग्यच आहे.

आलेल्या फाइलींचं चित्र कंपनीच्या कल्पनेपेक्षा बरंच वेगळं होतं. विंडोज १०, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी. व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद. आरएस-४८५ साठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले यूएसबी कन्व्हर्टर, त्यात बहुतेक सीएच३४० ही यूएसबीवर सिरियल पोर्ट देणारी चिप. कुठे जुना पीएल२३०३. ड्रॉवरमध्ये रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा तळहाताएवढा लिनक्स संगणक, आणि ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड जवळपास सगळ्यांकडे.

आणि प्लॅटफॉर्मची अट काय होती? उबुंटू २२.०४, १६ जीबी रॅम, ६० जीबी जागा. कारण एसडीके (ॲप लिहायची साधनं) घ्यायची म्हणजे योक्टो या साधनावर गेटवेची अख्खी इमेज (आतलं सगळं लिनक्स) बांधायची, अशी रचना कंपनीच्या आतल्या सोयीने झाली होती. मीटरचा आकडा वाचणाऱ्या माणसाला कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधायला लावायचं काहीच कारण नाही. पहिला निर्णय म्हणून एसडीकेचे दोन भाग केले. इमेज बांधणं कंपनीच्या सर्व्हरवर राहिलं, आणि ॲप लिहिणाऱ्यासाठी हेडर, लायब्ररी आणि क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर गेटवेसाठी कोड बांधणारा) असं तयार गाठोडं केलं. ते उतरवून, उलगडून ४ जीबीच्या आत बसलं पाहिजे, ही मर्यादा ठरवून टाकली.

विंडोजवर, विंडोजसारखंच

पहिला मोह डब्ल्यूएसएल२ या विंडोजमधल्या सोयीचा होतो. आत लिनक्स मिळतं, मग आपली लिनक्सची साधनं तशीच चालतील. दोन ठिकाणी हे अडतं. डब्ल्यूएसएल२ ला व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं आणि ते बायोसमध्ये जाऊन करावं लागतं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर बायोसला पासवर्ड असतो. दुसरं म्हणजे यूएसबी उपकरण डब्ल्यूएसएल२ ला आपोआप दिसत नाही. यूएसबीआयपीडी नावाचं वेगळं साधन बसवून, ॲडमिन अधिकार घेऊन ते आत जोडावं लागतं. आणि इथे तर सगळा खेळच यूएसबीवरच्या सिरियल पोर्टचा आहे.

म्हणून विंडोजसाठी एकच ईएक्सई फाइल केली. ती थेट कॉम पोर्ट (सिरियल पोर्टचं विंडोजमधलं नाव) उघडते, ॲप बांधते, नेटवर्कवरून गेटवेवर चढवते. इन्स्टॉलर नाही, ॲडमिन अधिकार नकोत. याला एक खर्च चिकटतो. डिजिटल सहीशिवायची नवी ईएक्सई चालवताना विंडोजचं स्मार्टस्क्रीन इशारा देतं आणि तिथेच बरेच जण थांबतात. सहीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. १ जून २०२३ पासून अशा प्रमाणपत्राची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित साधनात ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे रोजच्या आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये सही कशी घालायची हे आधीच आखावं. टोकन एका अभियंत्याच्या खिशात असेल तर तो सुटीवर गेला की रिलीज अडतं.

सिरियल पोर्ट: सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात

"साहेब, पोर्टच दिसत नाही." फोनवर येणारं पहिलं वाक्य बहुधा हेच. त्यामागे निदान पाच वेगळी कारणं असतात आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात.

सर्वांत साधं कारण केबल. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही मायक्रो-यूएसबी केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो आणि विंडोजमधून आवाजसुद्धा येत नाही. डेटा केबल कंपनीच्या कपाटात वेगळी बांधून ठेवावी आणि विचारपूस करताना पहिला प्रश्न केबलचाच असावा.

सीएच३४० चा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून सहसा आपोआप येतो, पण त्यासाठी इंटरनेट लागतं. कारखान्याच्या शेडमध्ये ते नसतं. तेव्हा ड्रायव्हरची प्रत एसडीकेच्या गाठोड्यातच द्यावी, अर्थात वाटपाची परवानगी तपासून. उबुंटू २२.०४ वर याच चिपचा घोळ निराळा आहे. पोर्ट क्षणभर उगवतो आणि गायब होतो. ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवा १ए८६:७५२३ हा क्रमांक आपलाच समजून उपकरण ताब्यात घेते. ती सेवा काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते इन्स्टॉलरने ते गुपचूप कधीही करू नये. दृष्टिहीन वापरकर्त्याचा पडदा म्हणजे तीच सेवा. साधनाने कारण सांगावं, विचारावं, आणि फक्त या क्रमांकापुरता यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरण ओळखणाऱ्या भागाचा) नियम बदलण्याचा पर्याय द्यावा.

लिनक्सवर वापरकर्ता सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट गटात नसेल तर परवानगी नाकारली जाते. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं, आणि हे न सांगितल्यामुळे माणूस तोच आदेश पुन्हा पुन्हा देत बसतो. काही ठिकाणी मोडेम शोधणारा मोडेममॅनेजर नव्या पोर्टवर एटी आदेश पाठवून पाहतो. समोरच्या उपकरणाला ते कचरा बाइट वाटतात आणि पहिला संवाद बिघडतो. त्या उपकरणाकडे दुर्लक्ष कर, असं सांगणारी यूडेव्हची एक ओळ पुरते.

पीएल२३०३ च्या जुन्या किंवा नकली चिपवर नवा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये चक्क लिहून दाखवतो की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, आणि पोर्ट चालत नाही. जुना ड्रायव्हर हाताने निवडला की तो चालतो, पण पुढच्या विंडोज अपडेटनंतर काय होईल याचा भरवसा नाही. ही चिप "चालवत नाही" या यादीत टाकणं प्रामाणिकपणाचं ठरतं.

नकली चिपबाबत एक जुनं प्रकरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकायला सुरुवात केली. चालती उपकरणं निकामी झाली. ज्यांची झाली त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या वस्तूत नकली चिप आहे याची कल्पनाच नव्हती. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून काढला गेला. प्लॅटफॉर्मने चिपच्या अस्सलपणाचा न्यायनिवाडा करू नये. चालत असेल तर चालू द्यावं, अडचण दिसली तर ती सांगावी.

पोर्ट उघडल्यावरही एक सापळा उरतो आणि तो प्लॅटफॉर्मच्याच कोडमध्ये होता. मॉडबस आरटीयू या मीटरशी बोलायच्या पद्धतीत संदेश संपला हे ३.५ अक्षरांच्या शांततेवरून ओळखायचं असतं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटांचं एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतं, म्हणजे शांतता ४ मिलिसेकंदांची. गेटवेच्या स्वतःच्या पोर्टवर हे मोजता येतं. यूएसबी कन्व्हर्टरवर येत नाही. एफटीडीआयची चिप आलेले बाइट मुळातच १६ मिलिसेकंदांपर्यंत साठवून ठेवते आणि मग एकदम देते. इतर कन्व्हर्टरवरही बाइट यूएसबीच्या पाकिटांतून गठ्ठ्याने येतात. शांतता मोजणारा कोड इथे कधी संदेशाचे दोन तुकडे करतो, कधी दोन संदेश जोडतो, आणि सीआरसी (संदेशाच्या पडताळणीचा आकडा) चुकल्याची तक्रार करतो. माणूस वायरिंग तपासत बसतो.

उपाय म्हणजे लांबीवरून वाचणं. फंक्शन ०३ च्या (रजिस्टर वाचण्याच्या) उत्तरात तिसरा बाइट पुढच्या माहितीची लांबी सांगतो, त्यात ५ मिळवले की पूर्ण संदेश. दोन रजिस्टर मागितली तर ९ बाइट. फंक्शनचा वरचा बिट लागलेला असेल तर ते त्रुटीचं उत्तर, त्याचे नेमके ५ बाइट. एफटीडीआयवर लेटन्सी टायमर (बाइट साठवून ठेवायची मुदत) १ मिलिसेकंदावर आणला की वेगही सुधारतो. हा एक बदल केल्यावर लोकांच्या ड्रॉवरमधले कितीतरी कन्व्हर्टर आपोआप "सपोर्टेड" झाले. नवा ड्रायव्हर लिहावा लागला नाही.

तारांबद्दल थोडक्यात. ए आणि बी या खुणा निर्माते एकमेकांच्या उलट लावतात, उत्तर आलं नाही तर अदलाबदल करून बघायला हरकत नाही. त्याने काही जळत नाही. लांब ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहम, मधल्या उपकरणांवर नाही. दिशा आपोआप बदलणारे स्वस्त कन्व्हर्टर टेबलावर उत्तम चालतात, पण लांब केबल आणि वरचा बॉड दर एकत्र आला की अडखळतात. अशा वेळी ९६०० वर आणून पाहावं.

रास्पबेरी पाय: गेटवे नसताना गेटवे

पाय ३ मध्येही चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर आणि १ जीबी रॅम आहे. गेटवेशी इतकं साम्य असलेलं यंत्र लोकांच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि प्लॅटफॉर्मला त्याची ओळख नव्हती. रनटाइमचं (ॲप चालवणाऱ्या भागाचं) डेबियन पॅकेज करून ते पायवर बसेल असं केलं. चार ठिकाणी अडचण आली.

पाय ४ वर ३२ बिटांची रास्पबेरी पाय ओएस असली तरी कर्नल ६४ बिटांचा चढतो, हे २०२३ पासून झालं. यूनेम या आदेशाला विचारलं की उत्तर ६४ बिटांचं मिळतं, रनटाइमची ६४ बिटांची फाइल उतरते, आणि चालवल्यावर "अशी फाइल नाही" असा संदेश येतो. फाइल तर समोर दिसते. नसतो तो तिचा ६४ बिटांचा लोडर. आर्किटेक्चर यूनेमला विचारू नये, डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला विचारावं.

दुसरी अडचण पॅरिटीची, म्हणजे प्रत्येक अक्षरामागच्या तपासणी बिटाची. पाय ३ आणि ४ वर चांगला पीएल०११ यूआर्ट (सिरियल पोर्टचं हार्डवेअर) ब्लूटूथकडे गेलेला असतो आणि १४-१५ क्रमांकाच्या पिनांवर मिनी यूआर्ट येतो. मिनी यूआर्टला पॅरिटी येतच नाही. मॉडबसची मूळ शिफारस मात्र इव्हन पॅरिटीची आहे, आणि बरेच एनर्जी मीटर कारखान्यातून तसेच येतात. लक्षणं फसवी असतात: काही मीटर बोलतात, काही गप्प. ब्लूटूथ बंद करणारं ओव्हरले (पायची एक सेटिंग) लावून पीएल०११ परत पिनांवर आणायचा. पाय ४ वर यूआर्ट २ ते ५ यांपैकी एखादा चालू केला तरी चालतं. शिवाय सिरियल कन्सोल बंद करायला विसरू नये, नाहीतर कर्नलचे संदेश मीटरकडे जातात.

तिसरी अडचण खरंच नुकसान करते. बाजारात सहज मिळणारं मॅक्स४८५ हे आरएस-४८५ चं मॉड्यूल ५ व्होल्टचं आहे. त्याची आरओ (संदेश देणारी) पिन सरळ पायच्या आरएक्स (संदेश घेणाऱ्या) पिनेला जोडली तर ३.३ व्होल्टच्या पिनेवर ५ व्होल्ट जातात. ३.३ व्होल्टची मॅक्स३४८५ घ्यावी, किंवा मधे १ किलोओहम आणि ग्राउंडकडे २ किलोओहम असा विभाजक लावावा, म्हणजे ३.३३ व्होल्ट मिळतात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, आकृतीसह, हे असलं पाहिजे. दुसऱ्याच्या पैशाचा बोर्ड आपल्या पत्रकामुळे जळता कामा नये.

चौथी वीज. पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. मोबाइल चार्जर आणि बारीक केबल असली की व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं, प्रोसेसर मंदावतो, यूएसबीची उपकरणं सुटतात. पायवरच्या व्हीसीजेनसीएमडी या साधनाच्या गेट-थ्रॉटल्ड आदेशात शून्याव्या बिटावर "आत्ता कमी आहे" आणि सोळाव्या बिटावर "मघाशी कमी झालं होतं" हे कळतं. सोळावा बिट महत्त्वाचा, कारण माणूस आदेश देतो तेव्हा भार उतरलेला असतो. आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की चालू असलेल्या पायचं एसडी कार्ड बिघडू शकतं, म्हणून रनटाइम आपली नोंद कमी वेळा लिहितो आणि मूळ फाइलसिस्टिम फक्त-वाचनीय ठेवण्याची पद्धत पत्रकात दिली आहे.

हे सगळं माणसाला पाठ करायला लावायचं नाही. म्हणून "तपास" हा एकच आदेश केला. तो केबलपासून पॅरिटीपर्यंत क्रमाने बघतो आणि मराठीत व इंग्रजीत सांगतो. "कॉम५ सापडला, पण दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवला आहे. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा असेल तर बंद करा." नुसता "ॲक्सेस डिनाइड" आणि हे वाक्य यांत एका डेव्हलपरच्या संध्याकाळचा फरक आहे.

ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्या विद्यार्थ्यासाठी त्याच साधनात मॉडबसचा खोटा मीटर ठेवला. तो टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून बोलतो, कारण विंडोजवर आभासी कॉम पोर्ट करायला आणखी एक ड्रायव्हर लागतो आणि त्याच्या सहीचा घोळ होतो. ॲपच्या कोडला आरटीयू आणि टीसीपी सारखेच दिसतात, पत्ता तेवढा बदलायचा.

नाही म्हणायची यादी

ईएसपी३२ सगळ्यांकडे होता, आणि त्यावर प्लॅटफॉर्म चालवा ही मागणी सर्वांत मोठी होती. ती नाकारली. त्यात ५२० केबी एसरॅम (चिपच्या आतली मेमरी) आहे, लिनक्सवरचा रनटाइम तिथे बसूच शकत नाही. वेगळा छोटा रनटाइम लिहिला असता तर कंपनीला दोन प्लॅटफॉर्म सांभाळावे लागले असते. सी-डॅकच्या तेजस३२ चिपवर आधारलेले एरीज बोर्ड घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेच उत्तर: २५६ केबी एसरॅममध्ये रनटाइम नाही. दोन्ही बोर्डांना सेन्सर नोड म्हणून जोडण्याचा नमुना कोड दिला, ईएसपी३२ ला एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने) आणि एरीजला मॉडबसने. उत्तर नकाराचं असलं तरी बोर्ड वाया गेला नाही.

याद्या तीनच ठेवल्या. रोज रात्री तपासलेलं. चालतं, पण फक्त रिलीजच्या आधी तपासलेलं. चालवत नाही. प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या चाचणीची तारीख. तारीख नसलेली "सपोर्टेड" यादी वर्षभरात खोटी होते. वरच्या यादीतून काही काढायचं झालं तर सहा महिने आधी सांगायचं, आणि ते चालवणारी शेवटची आवृत्ती उतरवण्यासाठी कायम ठेवायची.

पहिल्या यादीत काय घ्यायचं याची कसोटी एकच: ती वस्तू फळीवर आहे का? फळी म्हणजे भिंतीला लावलेला प्लायचा तुकडा. त्यावर सीएच३४० चे दोन कन्व्हर्टर, सीपी२१०२ चे दोन, एफटीडीआयचा एक, पाय ३ आणि पाय ४ एकेक, कंपनीचे दोन गेटवे, दोन वेगळ्या निर्मात्यांचे एनर्जी मीटर, एक तापमान नियंत्रक. खाली ८ जीबीचे दोन वापरलेले लॅपटॉप, एकावर विंडोज १०, एकावर ११. कन्व्हर्टर मुद्दाम तपकीर गल्लीतून घेतले, अधिकृत वितरकाकडून नाही, कारण डेव्हलपर जिथून घेतात तीच चिप तपासायला हवी. तेच दुकान, तोच डबा असूनही चिप बदललेली निघते, म्हणून दर तिमाहीला नवे दोन आणून जोडायचे. यूएसबी हब असा घेतला की प्रत्येक पोर्टची वीज सॉफ्टवेअरमधून तोडता येते. रात्रीच्या चाचणीत वाचन चालू असतानाच कन्व्हर्टर "उपटला" जातो आणि परत लागतो. पोर्ट परत येतो पण ॲप जुन्याच हँडलला (आधीच्या जोडणीला) धरून बसतं, हा दोष अशानेच पकडला जातो.

सहा लाखांचं काय झालं

किट आठच केले: १,६०,००० रुपये. फळी आणि लॅपटॉप ९०,०००. सहीचं प्रमाणपत्र व टोकन ४०,०००. उरलेले ३,१०,००० एका अभियंत्याचे काही महिने, फक्त वर लिहिलेल्या कामांसाठी.

आठ किट भेट नाहीत, उसने आहेत. तीन महिन्यांसाठी, डिलिव्हरी चलनावर, आणि ज्याचं ॲप पायवर किंवा खोट्या मीटरवर आधीच चालतं अशालाच. अशा माणसाला किटची खरी गरज असते, कारण त्याला आता पॅनेलमध्ये डीआयएन रेलवर (उपकरणं अडकवायच्या पट्टीवर) बसवून गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. डब्यात गेटवे, २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा), आयसोलेटेड यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टर, तपासलेली डेटा केबल, १२० ओहमचे दोन रेझिस्टर आणि टर्मिनलचा छोटा स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर कमी किमतीचा, पण तो नसेल तर घरी काम अडतं.

यश मोजायचं ते किती किट गेले यावर नाही. "तपास" आदेश, परवानगी दिली असेल तरच, दोन गोष्टी कळवतो: साधन पहिल्यांदा चालवल्यापासून खऱ्या उपकरणावरचं पहिलं वाचन यायला किती वेळ लागला, आणि वाचन आलं नसेल तर कोणत्या पायरीवर थांबलं. दर महिन्याला सर्वांत जास्त माणसं जिथे थांबली ती पायरी पुढच्या रिलीजचं पहिलं काम ठरते.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ते लॅपटॉप दुकानांतून गेले नाहीत, म्हणून फळीवरचा विंडोज १० अजून उतरवलेला नाही. तो यादीतून काढायची वेळ आकडे सांगतील.

सध्या खरा खल पाय ५ वरून चालू आहे. त्यातला कॉर्टेक्स-ए७६ हा आर्मव्ही८.२ या आदेशसंचाचा, गेटवेतला ए५३ आर्मव्ही८.० चा. पाय ५ वर "नेटिव्ह" पर्याय (याच प्रोसेसरसाठी बांध) देऊन बांधलेलं सीमधलं ॲप तिथे झकास पळतं आणि गेटवेवर "इल्लिगल इन्स्ट्रक्शन" म्हणून पहिल्याच क्षणी पडतं. शिवाय पाय ५ चा नेहमीचा कर्नल मेमरीची १६ केबीची पानं वापरतो, ४ केबी गृहीत धरणाऱ्या लायब्ररी तिथे अडतात. तूर्त पाय ५ दुसऱ्या यादीत आहे. ॲप बांधणारं साधन आता कंपायलरचे पर्याय स्वतःच ठरवतं, आर्मव्ही८.० च्या वर जाऊ देत नाही, आणि प्रत्येक ॲप गेटवेवर चढण्याआधी फळीवरच्या पाय ३ वर एकदा चालवून पाहण्याची सोय पुढच्या रिलीजमध्ये येणार आहे.